चिठ्ठी टाकूनच उपचार ठरवायचा तर पेशंटला विचारता कशाला?

मांजराकाठ:
काल इथंच एका भाऊंनी लिहिलं की क्लिनिकल ट्रायल (कोणता उपचार भारी ते बघायला पेशंटचे गट पाडतात, कुणाला कोणता ते चिठ्ठी टाकून ठरवतात) म्हणजे पेशंटच्या जिवाची लॉटरी, त्यापेक्षा ज्याला जे पाहिजे ते द्या आणि कोण बरं झालं ते मोजा. डोकं फिरलं माझं, म्हणून सविस्तर लिहायलो. पंधरा वर्षं हेच आकडे जुळवायचं काम करतो मी. अहो, ऑपरेशन मागणारा आणि ऑपरेशनला भिणारा ही माणसंच मुळात वेगळी असतात. एकाकडं पैसा आहे, सोबतीला पोरगा आहे, नाहीतर दुखणंच इतकं की रांगत संडासला जातो. दुसऱ्याचं जरा सोसण्यासारखं आहे म्हणून तो थांबतो. सहा महिन्यांनी या दोघांची तुलना केली तर तुम्ही उपचार मोजला का माणूस मोजला? आणि कोणता उपचार भारी हे डॉक्टरलाच ठाऊक नसतं, तेव्हाच चिठ्ठी टाकतात.

सोयाबीन_क्विंटल:
ते भाऊ म्हणजे मीच. डोकं फिरलं असेल तर गोळी घ्या, फक्त कोणती ते चिठ्ठी टाकून ठरवा.
बाबांचं सांगतो. मणक्यातली गादी सरकली, डावा पाय बधिर. एका मोठ्या दवाखान्यात ट्रायलला नाव घातलं, ऑपरेशन फुकटात होईल म्हणून. निघाला काय तर व्यायामाचा गट. बाबांचं तोंड तिथंच उतरलं. कागदावरचे व्यायाम एक दिवस केले नाहीत, दवाखान्यातून फोन आला की "हो हो, करायलो" म्हणायचे, आणि दोन महिन्यांनी म्हैस विकून दुसरीकडं ऑपरेशन करून आले. आता सांगा, तुमच्या वहीत बाबा कोणत्या रकान्यात?

मांजराकाठ:
व्यायामाच्याच. ज्या गटाची चिठ्ठी निघाली तिथंच मोजायचं असा नियम आहे, नाहीतर चिठ्ठी टाकून उपयोग काय? आणि बाबा एकटे नाहीत. अमेरिकेत याच दुखण्यावर स्पोर्ट नावाची ट्रायल झाली, निकाल २००६ ला आला. चिठ्ठीला तयार झाले ५०१ आणि "आमचं आम्ही ठरवू" म्हणणारे ७४३. ऑपरेशनची चिठ्ठी निघालेल्यांपैकी तीन महिन्यांत निम्म्यांनीच ते केलं, आणि बिनऑपरेशनची चिठ्ठी निघालेल्यांतले ३० टक्के जाऊन करून आले. दोन्ही गटांची खिचडी झाली, फरक धड दिसलाच नाही.

सोयाबीन_क्विंटल:
मग मी वेगळं काय म्हणलो?? पेशंटचं मन विचारात घेतलं नाही तर तुमची चिठ्ठीच पेशंट फाडून टाकतो. शंभर ओळी लिहून माझ्याच बांधावर आलात की.

वॉर्ड_नंबर_सात:
मी सिस्टर आहे, दोघांनाही एक सांगते. पेशंटची पसंती आभाळातून पडत नाही. इंग्लंडमध्ये प्रोटेक्ट म्हणून प्रोस्टेट कॅन्सरची ट्रायल झाली. त्यात ऑपरेशन, रेडिएशन किंवा नुसतं लक्ष ठेवणं, अशा तीन चिठ्ठ्या. तिसऱ्याचं नाव सुरुवातीला असं होतं की लोकांना वाटायचं डॉक्टर आपल्याला वाऱ्यावर सोडायलेत. नाव बदललं, नियमित तपासण्या करत राहू असं नीट सांगितलं, तिन्ही उपचार सारख्याच आवाजात सांगायला लागले, तर चिठ्ठीला तयार होणारे वर्षभरात चाळीस टक्क्यांच्या आतून सत्तरवर गेले. पेशंट तेच, दुखणंही तेच.
आणि बीडचं कोण बोलणार? २०१९ मध्ये नीलम गोऱ्हेंच्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. माझी सख्खी जाऊ त्यातलीच. अंगावरून पांढरं जायचं, कुणीतरी सांगितलं कॅन्सर होईल, शिवाय खाडा झाला की मुकादम पैसे कापणार. वय एकोणतीस. आजही म्हणते, "मीच म्हणलं काढून टाका." अंगठा तिचा, पसंतीही तिचीच, नाही का?

पुण्यात_लातूरकर:
ताई, हा शिक्षणाचा प्रश्न आहे. खेड्यातल्या बायकांनी दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायला काय हरकत होती?

वॉर्ड_नंबर_सात:
दादा, फडातून तालुक्याला जायचं तर दिवस मोडतो, त्या दिवसाचे पैसे तुम्ही पाठवता का? पुण्यात बसून मत घ्या म्हणायला काय जातंय.

बार्शी_नाका:
पिशवीचा विषय निघालाच आहे तर आमच्या जिल्ह्याचंही ऐका, तेव्हा उस्मानाबाद, आता धाराशिव. १९९९ ला गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची ट्रायल सुरू झाली, १,३१,७४६ बायका, आणि चिठ्ठी बाईची नाही तर गावांची! ५२ गट पाडले. काही गावांत एचपीव्हीची (ज्या विषाणूनं हा कॅन्सर होतो त्याची) तपासणी, काही ठिकाणी दुसऱ्या, आणि काही गावांना तपासणीच नाही, नुसती माहिती. बिनतपासणीच्या गटात ६४ बायका त्या कॅन्सरनं गेल्या, एचपीव्हीच्या गटात ३४. त्या ६४ जणींना कुणी विचारलं होतं का, बाई तुला कोणतं गाव पाहिजे?

मांजराकाठ:
ती ट्रायल झाली म्हणून तर २००९ ला जगाला कळलं की एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनं एवढे जीव वाचतात.

बार्शी_नाका:
जगाला कळलं. माझी मावशी बिनतपासणीच्या गावातली होती.

मांजराकाठ:
...बरं. यावर माझ्याकडं उत्तर नाही. तपासणी मिळत असताना काही गावं कोरडी ठेवावीत का, यावर तेव्हाही लई भांडणं झाली.

पुण्यात_लातूरकर:
धागा मणक्याचा होता ना?

मांजराकाठ:
हो, परत मणक्यावर येतो. सोयाबीनभाऊ, तुमचं अर्धं मान्य, तेही नाइलाजानं. १९८९ मध्येच ब्रूइन आणि ब्रॅडली यांनी सुचवलंय की ज्याची पसंती ठाम आहे त्याला तेच द्या आणि ज्याला काहीही चालतं त्याचीच चिठ्ठी टाका. पण हे दोघं वेगळ्या रकान्यात, मिसळायचे नाहीत. आणि मी तर म्हणतो, चिठ्ठी उघडायच्या आधी प्रत्येकाला मनात काय आहे विचारून लिहून ठेवा. बाबांना तसं विचारलं असतं तर म्हैस विकायच्या आधीच कळलं असतं की हा माणूस व्यायाम करणार नाही.

सोयाबीन_क्विंटल:
अर्धं मान्य केलं त्याबद्दल अर्धे आभार.
बाबांचा पाय आता बरा आहे, कंबर मात्र वाकत नाही, डॉक्टर म्हणायलेत आता व्यायाम करा. तो ट्रायलचा कागद आईनं पिठाच्या डब्याखाली घातला होता, सकाळी काढला. तेलानं अर्धी चित्रं पुसलीत, तिसरा व्यायाम उताणं झोपून करायचा का पालथं, ते वॉर्ड नंबर सात सिस्टर सांगतील का?