मेंटेनन्सचा हिशोब आणि माईंचं इमो

सेक्रेटरी: नमस्कार, एप्रिलचा हिशोब वर टाकलाय. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरचं हिशोबाचं जुनं सॉफ्टवेअर सारखं लायसन्स मागत होतं म्हणून बी-३०४ च्या मुलाने लिब्रेऑफिस घालून दिलं, फुकट आहे

नाना ए-१०२: फुकट कसा काय? चोरीचा नाय मां? उद्या ऑडिटरान इचारल्यान तर?

बी-३०४: नाही हो नाना, ओपन सोर्स आहे. आयएमओ जुन्यावर परत पैसे घालण्यात अर्थ नाही

माई सी-२०१: इमोला कसले पैसे? आमचा धाकटा कुवेतवरून रोज इमोवरच फोन करतो

बी-३०४: 😂 माई ते ॲप वेगळं. आयएमओ म्हणजे इन माय ओपिनियन, माझ्या मते. मधे एच घातला, आयएमएचओ, की माझ्या नम्र मते. आणि नेटवर नम्र लिहिणारा बहुतेक भांडायलाच आलेला असतो

नाना ए-१०२: मग सरळ मराठीत लिवाक काय झाला? बरा, ओपन सोर्स काय ता सांग

बी-३०४: सॉफ्टवेअरचा आतला कोड सगळ्यांना उघडा, कोणीही वाचा, बदला, वाटा. आधी ओपनऑफिस होतं, ते सन कंपनीचं, २०१० ला ती कंपनी ऑरॅकलने घेतली, मग काम करणाऱ्या बऱ्याच जणांना भरवसा वाटेना, ते तोच कोड घेऊन वेगळे झाले, तेच हे लिब्रेऑफिस. याला फोर्क म्हणतात. आपल्या भावकीतल्या वाटण्याच म्हणा, फक्त पडवी कोणाला नि माजघर कोणाला हा वाद नाही, दोघांनाही अख्खं घर मिळतं

नाना ए-१०२: असा आमच्यात झाला असता तर कोर्टात तीस वर्षां गेली नसती

सी-२०४: टीएलडीआर सांगा कोणीतरी

माई सी-२०१: आता हे काय

बी-३०४: लांबलचक आहे, वाचलं नाही. थोडक्यात सांगा, एवढंच म्हणायचंय त्यांना. आणि नाना, इंग्रजीत फ्री म्हणजे फुकट पण आणि मुक्त पण, म्हणून त्यांना मुक्त या अर्थाचा लिब्रे शब्द आणावा लागला. आपल्याकडे दोन्ही शब्द वेगळे आहेतच. माई तुमच्या मोबाईलच्या अँड्रॉइडखाली पण लिनक्स नावाचं सॉफ्टवेअर आहे, ते असंच मुक्त

माई सी-२०१: असेल बाबा. पण मला पाण्याच्या रकान्यात नुसत्या जाळ्या दिसतायत ####

बी-३०४: रकाना अरुंद पडला, आकडा मावत नाहीये. काका, रुंद करून एक्सएलएसएक्समध्ये, म्हणजे एक्सेलची फाईल म्हणून, सेव्ह करून टाका, लिब्रेऑफिसची ओडीएस फाईल काहींच्या मोबाईलवर उघडणार नाही

सेक्रेटरी: टाकली बघा

नाना ए-१०२: आयएमएचओ, सात टँकर कधी इले? मी गॅलरीत बसान चारच मोजलंय