यादीत वेळेचा रकाना हवाच

वर विचारलंय की गूगल मॅप्सवर ‘जायचंय’ म्हणून जपलेली खाण्याची ठिकाणं एकत्र कशी पाहायची. मी हे आमच्या इंदूरसाठी केलंय. गूगल टेकआउटमधून (गूगलवरचा आपला डेटा उतरवून घ्यायची सोय) ‘सेव्ह्ड’ उतरवून घ्या, प्रत्येक यादीची वेगळी सीएसव्ही फाइल, म्हणजे रकान्यांचा साधा तक्ता, मिळते. तिच्यात नाव, तुमची टीप आणि लिंक असते, अक्षांश-रेखांश नसतात. (ताऱ्याची खूण केलेल्या जागांची वेगळ्या प्रकारची, जेसन फाइल येते, तिच्यात ते असतात.) म्हणून ही सीएसव्ही माय मॅप्सवर (गूगलचं स्वतःचा नकाशा बनवायचं साधन) चढवण्याआधी पत्त्याचा रकाना हातानं भरा, नाहीतर नुसत्या नावावरून खूण भलत्याच गावात पडते.

पण खरी गरज वेळेच्या रकान्याची. इंदूरच्या सराफा बाजारात दिवसा सोन्याचांदीची दुकानं. ती मिटली की रात्री त्यांच्याच पायऱ्यांपुढे कढया चढतात: भुट्ट्याचा कीस, थंडीत गराडू (तळलेला कंद), वर जिरावण मसाला. पुण्याची मावशी माझी यादी बघून भर दुपारी तिथे गेली आणि बिचारी उपाशी परतली. फार वाईट वाटलं. आता मी ‘रात्री’, ‘फक्त हिवाळा’ असं भरतो आणि माय मॅप्समध्ये त्याच रकान्यावरून खुणांना रंग देतो. रात्रीच्या जागा गडद निळ्या.