मदत हवी आहे: मुंबईहून गाडीने सवाईला, चौघं, शनिवार-रविवार

लांबलचक_जॅम

नमस्कार मंडळी. यंदाचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव पुण्याला १८ ते २२ डिसेंबर २०२४ असा आहे. आम्ही चौघं मित्र २१ आणि २२ ला, म्हणजे शनिवार-रविवार, गाडीने जायचं म्हणतोय. चौघंही जॅम बँडवाले. ग्रेटफुल डेड, फिश हे बँड, जे काही वीस-पंचवीस मिनिटं न थांबता, आधी न ठरवता उलगडत जातं ते आम्हाला आवडतं. शास्त्रीय मैफल बसून अशी कुणीच ऐकलेली नाही.

गाडी सीएनजी हॅचबॅक, सात वर्षं जुनी. मी दादरला, एक चेंबूरला, एक घाटकोपरला, एक बोरिवलीला. पुढच्या गोष्टी कळत नाहीयेत:

शनिवारी किती वाजता निघावं? अटल सेतूने जावं का? शनिवारचं गाणं मध्यरात्री संपल्यावर लगेच मुंबईला परत फिरून रविवार सोडून द्यावा, की राहावं? खुर्ची घ्यावी की भारतीय बैठक? थंडीला काय लागेल? आणि आमच्यासारख्यांनी ऐकायचं कसं, म्हणजे कान कुठे लावायचा?

घाटवाट

आधी निघायची वेळ, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. शनिवारी सकाळी अर्धी मुंबई लोणावळ्याला निघते. खोपोलीनंतर द्रुतगती मार्ग आणि जुना महामार्ग घाटात काही अंतर एकच होतात. तिथे चढावर दमलेले ट्रक लेन सोडून उजवीकडे येतात आणि मागचं सगळं थांबतं. साडेआठनंतर खालापूरला पोचलात तर घाटात किती वेळ जाईल याचा नेम नाही. दादर साडेपाचला सोडा आणि खालापूर टोलनाका सातच्या आत ओलांडा. नऊपर्यंत पुण्यात असाल.

अटल सेतूची तुम्हाला गरज नाही. कारला एकेरी २५० रुपये टोल आहे, आणि पहाटे साडेपाचला सायन-पनवेल रस्ता मोकळाच असतो. ऑक्टोबरपासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झालाय, त्यामुळे वाशीलाही काही द्यावं लागत नाही. शिवडी ते चिर्ले असा हा अटल सेतू दक्षिण मुंबईतून दिवसा निघणाऱ्यांच्या कामाचा.

चौघांना घरोघरी उचलत बसू नका, त्यात तास जातो. बोरिवलीकराने पहिल्या लोकलपैकी एखादीने दादरला यावं. घाटकोपरकराने रिक्षाने चेंबूरचं मैत्री पार्क गाठावं, चेंबूरकरानेही तिथेच यावं. पुण्याच्या बसगाड्या जिथे थांबतात तीच जागा, तुमच्या सरळ वाटेवर.

द्रुतगतीवर कारचा पूर्ण पट्ट्याचा टोल ३२० रुपये एकेरी. फास्टॅगमध्ये आदल्या रात्री हजारेक रुपये असू द्या. टॅग काळ्या यादीत गेला असेल तर दुप्पट रोख भरावे लागतात आणि मागच्यांचा खोळंबा होतो तो वेगळा. सपाटीवर वेगमर्यादा १००, घाटात त्याहून कमी. यंदा जागोजागी कॅमेरे बसलेत, दंड थेट घरी येतो.

पाना_पक्कड

सात वर्षांची गाडी आहे म्हणून लिहितो. जायच्या आठ दिवस आधी हे बघून घ्या, आदल्या दिवशी नको. काही निघालं तर दुरुस्तीला वेळ हवा.

टायर. कडेला चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३५१८ म्हणजे २०१८ चा पस्तिसावा आठवडा. नक्षी शिल्लक दिसत असली तरी सहा वर्षांपुढचं रबर कडक झालेलं असतं, ते काँक्रीटवर सलग शंभराच्या वेगाने नेऊ नका. हवा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे भरा. तिथे दोन आकडे असतात, तुम्ही चौघं अधिक सामान म्हणजे भरलेल्या गाडीचा आकडा. हवा थंड टायरला मोजायची, घरापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत. लोक तापलेल्या टायरला मोजतात, आकडा जास्त दिसतो म्हणून हवा सोडतात आणि कमी हवेवर द्रुतगतीवर चढतात. कमी हवेच्या टायरची कड सतत वाकत राहते, आतून तापते आणि फुटते. स्टेपनीची हवाही बघा, ती कुणीच बघत नाही.

कूलंट इंजिन थंड असताना बाटलीवरच्या दोन रेघांच्या मध्ये हवं. घाटात अडकलात आणि काटा वर चढू लागला तर आधी एसी बंद करा, मग हीटर पूर्ण गरम आणि पंखा पूर्ण वेगात. इंजिनची उष्णता आत ओढली जाते. तुम्हाला उकडेल, पण गाडी वाचेल. तरीही चढलाच तर डावीकडे घेऊन बंद करा आणि निदान अर्धा तास बॉनेट उघडं ठेवून थांबा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, उकळतं पाणी दाबाने तोंडावर येतं.

क्लच. चढावर गाडी अर्ध्या क्लचवर धरून ठेवण्याची सवय असेल तर ती घाटात प्लेट जाळते. जळक्या वासाने कळतं, पण तेव्हा उशीर झालेला असतो. थांबलात की न्यूट्रल आणि हँडब्रेक. पुढचा दोन-तीन गाड्यांइतका पुढे गेला की मगच हला.

सीएनजीबद्दल तीन गोष्टी. पंपावर हायड्रो टेस्टची, म्हणजे सिलिंडरच्या दाब-चाचणीची, पट्टी तपासतात. चाचणी दर तीन वर्षांनी असते, मुदत संपली असेल तर गॅस देत नाहीत. शुक्रवारी रात्री उशिरा भरा, संध्याकाळच्या रांगेत दाब कमी मिळतो आणि टाकी भरल्यासारखी दिसून अपुरी राहते. घाट सुरू होण्याआधी पेट्रोलवर टाका, चौघं बसलेली छोटी गाडी गॅसवर चढाला दम टाकते. म्हणजे पेट्रोलची टाकीही निम्मी हवी. जाऊन येऊन, शहरातलं फिरणं धरून सव्वातीनशे ते साडेतीनशे किलोमीटर होतील, गॅस १५-१६ किलो धरा. आणि डिकीत सिलिंडर असणार, तेव्हा चौघांच्या कडक बॅगा बसणार नाहीत. मऊ पिशव्या आणा.

मुकुंदनगरवाला

गाडी घेऊन मांडवापर्यंत येऊ नका, ही कळकळीची विनंती. महोत्सव महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात, मुकुंदनगरला होतो. आजूबाजूला राहत्या सोसायट्या आणि अरुंद गल्ल्या आहेत. शनिवारी चारनंतर तिथे जागा शोधण्यात पहिल्या कलाकाराचा निम्मा राग जाईल.

किवळ्याला द्रुतगती संपला की देहूरोड-कात्रज बाह्यवळण धरा. वाकड, चांदणी चौक, वारजे, मग वडगावच्या पुलापाशी सिंहगड रस्त्याला उतरून दांडेकर पुलावरून स्वारगेट. सिंहगड रस्त्यावर सकाळी नवाच्या आत त्रास नाही. गाडी राहण्याच्या ठिकाणी लावा आणि रविवारी रात्रीपर्यंत हलवू नका.

राहायला शिवाजीनगर ते स्वारगेट या पट्ट्यात बघा. २९ सप्टेंबरपासून भुयारी मेट्रो स्वारगेटपर्यंत आलीय, तिथून संकुल चालत वीसेक मिनिटं. मात्र मध्यरात्री मेट्रो नसते. येताना मेट्रो, जाताना रिक्षा असं धरा. शनिवारी मध्यरात्री हजारो लोक एकदम बाहेर पडतात. गेटवर रिक्षाची वाट बघण्यापेक्षा स्वारगेटच्या दिशेने दहा मिनिटं चालत जा.

लांबलचक_जॅम

खूप उपयोगी. हायड्रो टेस्टचं तर डोक्यातच नव्हतं, पट्टी बघतो. एक शंका: रविवार नकोच, शनिवारी रात्री बाराला निघून तीनला घरी, असं एक मित्र म्हणतोय. राहण्याचा खर्च वाचेल.

घाटवाट

नको. पहाटे चारला उठलेला माणूस आठ तास गाणं ऐकून मध्यरात्री घाट उतरणार, हे गणितच चुकीचं आहे. रात्री दोन ते पाच या वेळात शरीर झोप मागतंच. कॉफी, काच खाली करणं, गाणी लावणं याने पाच-दहा मिनिटं निभतात. सरळ काँक्रीटवर डोळा लागायला दोन सेकंद पुरतात आणि शंभराच्या वेगात त्या दोन सेकंदांत गाडी ५५ मीटर जाते. शिवाय डिसेंबरात मावळात पहाटे धुकं असतं. धुक्यात वरचा दिवा लावला तर उजेड परत डोळ्यावर येतो, खालचाच ठेवायचा. आतून काच धुरकट झाली तर एसी चालू करून हवा काचेवर सोडायची.

रविवारी रात्री दहाला संपल्यावरही हेच. सोमवारी अर्धी रजा टाका, सकाळी सातला निरोप घ्या. मानखुर्द-वाशीची गर्दी ओसरत असताना मुंबईत शिराल. उतरताना गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ठेवा. न्यूट्रलवर सोडून ब्रेक दाबत राहिलात तर ब्रेक तापून पकड सोडतात.

दादर_स्वारगेट

गाडीचा हट्ट नसेल तर दादरहून शिवनेरी थेट स्वारगेटला सोडते. चौघांच्या बाबतीत खर्चात फार फरक पडणार नाही, पण चालवणाराही झोपू शकतो.

षड्जपंचम

आता गाण्याचं. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून सविस्तर लिहिते.

शनिवार निवडलात हे उत्तम झालं. भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या, सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये हा महोत्सव सुरू केला. पूर्वी तो रात्रभर चालायचा. ध्वनिक्षेपकाचे नियम आल्यावर रोज रात्री दहाला थांबतो, फक्त शनिवारी बारापर्यंत परवानगी असते. राग वेळेला बांधलेले आहेत, त्यामुळे हे दोन तास फार मोलाचे. दरबारी, मालकंस यांसारखे उत्तररात्रीकडे झुकणारे राग थेट ऐकायची संधी शनिवारीच जास्त. रविवारी दुपारी बाराला सुरू होतं, म्हणजे सारंगाचे प्रकार, मग भीमपलास, मुलतानी, संध्याकाळी मारवा, पूरिया धनाश्री. दोन दिवस मिळून दुपार ते मध्यरात्र असा वेळेचा पूर्ण पट्टा तुम्हाला मिळतो. म्हणूनही रविवार सोडू नका.

तुम्ही जॅम ऐकणारे आहात, म्हणजे अर्धी तयारी झालेलीच आहे. जॅममध्ये मूळ धून सोडून बँड दूर जातो आणि परत कधी, कशी येते याकडे कान असतो ना? इथे ते ठिकाण म्हणजे सम, तालाची पहिली मात्रा. ख्याल, म्हणजे रागगायनाचा मुख्य प्रकार, विलंबितात सुरू होतो, बहुधा एकताल, १२ मात्रा. पण लय इतकी संथ की एक आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, पाऊण-एक मिनिट चालतं. सुरुवातीला तबल्याच्या मात्रा मोजू नका, हरवाल. बंदिशीचा मुखडा, म्हणजे गाण्याच्या ओळीचा सुरुवातीचा तुकडा, ओळखा. गायक आलाप, म्हणजे रागाचा संथ विस्तार, करून दर वेळी तो तुकडा धरतो आणि समेवर येतो. पाच-सहा आवर्तनांत ते येणं तुम्हाला आधीच जाणवू लागेल. मग द्रुत, म्हणजे जलद लय, बहुधा तीनताल, १६ मात्रा. इथे हाताने टाळी-खाली धरता येते: पहिली, पाचवी, तेरावी टाळी, नववी खाली (टाळी न देता हात उघडायचा). वाद्य असेल तर आधी तबल्याशिवाय आलाप, मग जोड (लय धरलेला आलाप), मग झाला (त्याचा वेगवान भाग), मग गत (तबल्यासह रचना). आलापात 'अजून सुरू नाही झालं' असं समजून चहाला उठणारे पुष्कळ असतात. तो आलाप हाच रागाचा गाभा.

फरक एवढाच की जॅममध्ये बँड स्वर बदलून कुठेही जाऊ शकतो. इथे रागाबाहेर पाऊल नाही. त्या पाच, सहा किंवा सात स्वरांतच नवी वाट काढायची असते. तासाभराने तोच गंधार (ग हा स्वर) नवा वाटला की तुम्हाला ते कळेल.

आणखी एक फरक लक्षात ठेवा. ग्रेटफुल डेडने १९८४ पासून ध्वनिमुद्रण करणाऱ्यांना वेगळी जागाच दिली होती. इथे श्रोत्यांनी ध्वनिमुद्रण करायचं नसतं. मोबाइल बंद करून पिशवीत ठेवा. उठायचं असेल तर राग संपल्यावर, मध्ये नाही.

बैठक की खुर्ची? पाठ-गुडघे ठीक असतील तर बैठक. पण सलग आठ तास मांडी घालणं सोपं नाही. प्रत्येकी एक उशी किंवा लोड आणा, दुमडून बुडाखाली घेतली की कंबर वर येते आणि पाय बधिर होत नाहीत. दोन कलाकारांच्या मधल्या वेळात उठून चाला. चौघांपैकी एकाला जरी गुडघ्याचा त्रास असला तर चौघांनीही खुर्च्या घ्या, वेगळे बसून मजा जाते.

मुकुंदनगरवाला

थंडीचं राहिलं. मुंबईकर स्वेटर आणतात आणि खालून गारठतात. डिसेंबरात पुण्यात रात्री पारा १० ते १४ अंशांत असतो. डोक्यावर मांडव असला तरी जमीन मैदानाची. ओल जमिनीतून सतरंजीत आणि सतरंजीतून अंगात चढते. योगासनाची रबरी चटई खाली, वर जाड सतरंजी. शाल, पायमोजे, कानटोपी. स्वेटर एकच पण घट्ट विणीचा. पाणी घरून आणा. खाण्याचे स्टॉल आवारात असतात, पण मध्यंतरात रांग लागते. सातच्या सुमारास एकाने आधी उठून सगळ्यांचं आणावं.

शनिवारी संकुलाच्या दारात तीनपर्यंत या, बैठकीत पुढची जागा लवकर भरते. आणि त्याआधी दुपारी दोन तास झोपा, ही सगळ्यात मोठी तयारी.

षड्जपंचम

हो, झोपेला अनुमोदन. सकाळी वेळ उरलाच तर शिवाजीनगरला सवाई गंधर्व स्मारकात 'षड्ज' आणि 'अंतरंग' हे कार्यक्रम असतात. पहिल्यात संगीतावरचे माहितीपट, दुसऱ्यात कलाकारांशी गप्पा. पण हे शुक्रवारी आलात तर. शनिवारी पहाटे उठून येणाऱ्यांनी त्या मोहात पडू नये.

रविवारी मात्र शेवटच्या कलाकारानंतर लगेच उठू नका. सांगता सवाई गंधर्वांच्या भैरवीच्या जुन्या ध्वनिमुद्रणाने होते. लोक उभे राहून, काही डोळे मिटून ऐकतात.

लांबलचक_जॅम

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं: चारही जण बैठक, स्वारगेटजवळ खोली, सोमवारी सकाळी सातला परत. गाडी या रविवारी गॅरेजला टाकतोय. टायरचा शिक्का आत्ताच खाली जाऊन बघितला, चारही ४४१७ आहेत. बदलतोय.

पाना_पक्कड

मग नवे टायर बसवल्यावर अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग दोन्ही करून घ्या, आणि पन्नासेक किलोमीटर शहरात चालवून व्हील नट पुन्हा आवळून घ्या. नव्या रबरावर मेणासारखा थर असतो, पहिले शे-दीडशे किलोमीटर पकड कमी असते. म्हणजे हे काम २१ तारखेच्या निदान आठवडाभर आधी उरकलेलं हवं.