गेम कन्सोल आणि चित्रपट या दोन्हींसाठी ५५ इंची टीव्ही: नेमके काय तपासून घ्यावे?

प्रश्न | जुळे सोलापूर

नमस्कार. आमच्याकडचा ३२ इंची टीव्ही अकरा वर्षांचा झाला असून तो आता बदलायचा आहे. मुलाने पहिल्या पगारातून पैसे साठवून प्लेस्टेशन ५ घेतला आहे. यजमान आणि मी रात्री जेवणे आटोपली की चित्रपट पाहतो आणि सासरे सकाळी उठल्यापासून दुपारपर्यंत वृत्तवाहिनी लावून बसतात. म्हणजे एकाच टीव्हीला तीन पिढ्यांची कामे करायची आहेत.

दिवाणापासून टीव्हीच्या भिंतीपर्यंतचे अंतर ९ फूट आहे. पश्चिमेला मोठी खिडकी आहे, त्यामुळे दुपारी तीननंतर पडद्यावर चित्र दिसण्याऐवजी आपलेच तोंड दिसते. अंदाजपत्रक ७० हजारांचे आहे. नवी पेठेतल्या दोन दुकानांत जाऊन आलो, परंतु सगळ्याच खोक्यांवर ४के (जास्त बारीक तपशील) आणि एचडीआर (उजेड-अंधारातला जास्त फरक दाखवणारे चित्र) लिहिलेले होते. एका ठिकाणी '१२० हर्ट्झ' म्हणून जो संच दाखवला, त्याच्या माहितीपत्रकात मुलाला ६० हर्ट्झ हा आकडा सापडला. विक्रेत्याला विचारले तेव्हा दोन्ही एकच असल्याचे सांगण्यात आले. हे खरे आहे का, आणि नसेल तर आम्ही नेमके काय पाहावे?

उत्तर | होटगी रस्ता

ताई, ते दोन्ही एकच नाही, आणि तुमच्या मुलाने माहितीपत्रक वाचले हे फार बरे केले. पडदा सेकंदाला किती वेळा नवे चित्र दाखवू शकतो, तो आकडा म्हणजे पॅनेलचा मूळ रिफ्रेश रेट. पॅनेल ६० हर्ट्झचेच ठेवून, दोन चित्रांच्या मधली चित्रे स्वतः तयार करून किंवा मागचा दिवा उघडझाप करून हालचाल गुळगुळीत भासवण्याच्या तंत्राला कंपन्या 'मोशन' शब्द जोडून १२० किंवा २४० असा मोठा आकडा देतात. कन्सोलच्या दृष्टीने असा टीव्ही ६० हर्ट्झचाच राहतो.

बहुतेक खेळ आजही सेकंदाला ३० किंवा ६० चित्रांवरच चालतात, तेव्हा मूळ १२० हर्ट्झचे पॅनेल कशाला, असे कोणी विचारील. याचे एक कारण फारसे सांगितले जात नाही. प्लेस्टेशन ५ वरील काही खेळांत ४० चित्रांचा पर्याय असतो. १२० ला ४० ने निःशेष भाग जातो, ६० ला जात नाही, म्हणून हा पर्याय १२० हर्ट्झच्या पडद्यावरच मिळतो. चित्राचा तपशील फारसा न गमावता ३० पेक्षा स्पष्टपणे सफाईदार हालचाल मिळवण्याचा हा उत्तम मार्ग आहे. दुसरे कारण व्हीआरआर. खेळाचा वेग वरखाली झाला की या सुविधेमुळे पडदा कन्सोलच्या वेगाशी जुळवून घेतो आणि चित्र मधूनच फाटल्यासारखे दिसत नाही. प्लेस्टेशन ५ मध्ये ती २०२२ साली आली आणि ४८ ते १२० हर्ट्झच्या दरम्यान काम करते.

यासाठी एचडीएमआय २.१, म्हणजे टीव्ही आणि कन्सोल यांच्या जोडणीची नवी आवृत्ती, लागते. जुन्या २.० ची क्षमता सेकंदाला १८ गिगाबिट होती, २.१ ची ४८ पर्यंत आहे. मात्र नुसत्या '२.१' या आकड्यावर विसंबू नका, कारण त्यातील बऱ्याच सुविधा ऐच्छिक आहेत. '४के १२० हर्ट्झ' आणि 'व्हीआरआर' हे शब्द माहितीपत्रकात स्वतंत्रपणे लिहिलेले असले पाहिजेत. संचाला चार पोर्ट असले तरी हे काम त्यांपैकी एकदोनच करतात, आणि काही संचांत साउंडबारला आवाज पाठवणारा ईआर्क पोर्ट नेमका त्यांतलाच एक असतो. साउंडबार घेण्याचा विचार असेल तर हे आधीच पाहून ठेवा.

घरी आणल्यावर त्या पोर्टसाठी टीव्हीच्या सेटिंगमध्ये उच्च दर्जाच्या सिग्नलचा पर्याय बहुधा हाताने सुरू करावा लागतो. तो बंद राहिल्याने महिनोन्महिने ६० हर्ट्झवर खेळणारे लोक मी पाहिले आहेत. कन्सोलच्या खोक्यात आलेली केबलच वापरा आणि टीव्ही गेम मोडवर ठेवा, म्हणजे तो चित्रावर कमी प्रक्रिया करतो. कारण ६० हर्ट्झवर एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकते, आणि चित्र सुंदर करण्यासाठी टीव्हीने त्यावर आणखी काही चित्रांइतका वेळ घेतला, तर बटण दाबल्यानंतर उडी उशिरा पडल्याचे मुलाच्या हाताला जाणवेल.

उत्तर | मुरारजी पेठ

वरील उत्तर कन्सोलपुरते अगदी योग्य आहे, पण या घरात रात्री चित्रपट पाहिले जातात आणि दुपारी खिडकीतून ऊन येते. माझ्या मते टीव्हीची निवड या दोन गोष्टींनी ठरावी.

चित्रपट सेकंदाला २४ चित्रांवर चित्रित होतो. ६० ला २४ ने भाग जात नाही, म्हणून ६० हर्ट्झच्या पडद्यावर एक चित्र तीनदा आणि पुढचे दोनदा दाखवावे लागते, आणि कॅमेरा संथपणे आडवा फिरतो तेव्हा बारीक हिसके दिसतात. १२० हर्ट्झवर प्रत्येक चित्र बरोबर पाच वेळा दाखवता येते. म्हणजे मुलासाठी घेतलेल्या पॅनेलचा लाभ तुम्हा दोघांनाही होईल. मात्र हालचाल गुळगुळीत करण्याची सुविधा चित्रपटाच्या वेळी अवश्य बंद करा, नाहीतर कसलेल्या छायालेखकाचे कामही दैनंदिन मालिकेसारखे दिसू लागते. संचात 'फिल्ममेकर मोड' असेल तर तो लावला की ही सुविधा आपोआप बंद होते.

पॅनेल (एलईडी टीव्हीत ते बहुधा आयपीएस किंवा व्हीए प्रकारचे असते) घेताना रात्रीचा विचार करा. रुंद पडद्याच्या चित्रपटात वर-खाली काळ्या पट्ट्या येतात. दिवे मालवल्यावर आयपीएस पॅनेलवर त्या पट्ट्या राखेच्या रंगाच्या दिसतात आणि सगळे चित्रच धुरकट वाटू लागते. व्हीए पॅनेलचा काळा रंग कितीतरी गडद असतो. फक्त बाजूने पाहिल्यास रंग फिके पडतात. तुम्ही समोर दिवाणावर बसता, तेव्हा व्हीए घ्यावे हे उत्तम. खोक्यावरच्या एचडीआरच्या शिक्क्यावर मात्र जाऊ नका. एचडीआर चित्रपट साधारणपणे १,००० निट (तेज मोजण्याचे एकक) किंवा त्याहून अधिक तेजाचा हिशेब धरून तयार होतात, आणि ३०० निटचा संच तो सिग्नल घेतो खरा, पण ते तेज दाखवू शकत नाही. मिनी एलईडी (पडद्यामागे अनेक बारीक दिवे) आणि लोकल डिमिंग (गडद भागामागचेच दिवे मंद करणे) असलेला संच अंदाजपत्रकात बसत असेल तर तोच घ्या. तुमच्या पश्चिमेच्या उन्हाशी तोच टक्कर देऊ शकेल, आणि सोबत खिडकीला जाड पडदा हवाच.

ज्यात प्रत्येक ठिपका स्वतःच प्रकाशतो त्या ओएलईडी पडद्याचा काळा रंग अप्रतिम असतो, तरीही तुमच्या घरासाठी मी तो सुचवणार नाही. सासरेबुवांच्या वाहिनीचे बोधचिन्ह आणि खालची बातम्यांची पट्टी रोज सहा-सहा तास एकाच जागी राहिली, तर काही वर्षांत तिचा डाग पडद्यावर कायमचा उमटू शकतो.

आकाराविषयी थोडे. ५५ इंची पडद्याची रुंदी सुमारे १२२ सेंटीमीटर भरते. चित्रपटासाठी पडद्याने नजरेचा किमान ३० अंशांचा कोन व्यापावा असे मानले जाते, आणि त्यासाठी साडेसात फुटांवर बसावे लागेल. ९ फुटांवरून तोच कोन हवा असेल तर ६५ इंची संच लागतो. माझे मत विचाराल तर हलक्या दर्जाच्या ६५ इंचांपेक्षा चांगला ५५ इंची घ्या आणि दिवाण दीड फूट पुढे ओढा.

उत्तर | अक्कलकोट रस्ता

टीव्ही कोणताही घ्या, पण त्याच्या रक्षणाचा खर्च आधीच बाजूला काढून ठेवा. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात वळवाचा पाऊस आला आणि जवळच वीज पडली. आमच्या टीव्हीच्या प्लगला सर्ज प्रोटेक्टर (अचानक वाढलेला विजेचा दाब अडवणारे उपकरण) होता, त्यामुळे तिकडून काहीच झाले नाही. विजेचा झटका आला तो गच्चीवरच्या डिशच्या केबलमधून. सेट-टॉप बॉक्स जळाला आणि त्याच्याशी जोडलेला टीव्हीचा एचडीएमआय पोर्ट निकामी झाला. आकाशातील विजेमुळे झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही, असे सांगून कंपनीने दुरुस्तीचा पूर्ण खर्च आमच्याकडून घेतला. तेव्हापासून ढग भरून आले की आम्ही आधी डिशची केबल काढतो. कन्सोलही त्याच टीव्हीला जोडलेला असल्याने तुमचे नुकसान दुहेरी होईल, म्हणून इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या.

आणखी एक सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आहे. बिलावर तोच दर लावलेला आहे ना, हे पाहूनच पैसे द्या.

प्रश्नकर्त्या | जुळे सोलापूर

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री वर्तमानपत्राची पाने चिकटवून १२२ बाय ६९ सेंटीमीटरचा आयत भिंतीवर तयार केला आणि दिवाण दीड फूट पुढे घेतला. मागच्या कपाटाचे दार आता पूर्ण उघडते, त्यामुळे यजमानांचीही संमती मिळाली. सासऱ्यांना पुढे बसल्यावर बातम्यांची पट्टी चष्म्याशिवाय वाचता येईल, याचाच अधिक आनंद झाला आहे. ओएलईडीचा विचार आम्ही सोडला. रविवारी मुलगा कन्सोल पिशवीत घालून सोबत नेणार आहे, आणि दुकानात जोडून पडद्यावर १२० हर्ट्झ उमटल्याचे पाहिल्यावरच पैसे देण्याचे ठरले आहे. दुकानदार असे जोडू देतात का?

उत्तर | होटगी रस्ता

बहुतेक देतात, मात्र आदल्या दिवशी फोन करून विचारून ठेवा आणि सकाळी दुकान उघडताच जा, म्हणजे गर्दी नसते. कन्सोलच्या सेटिंगमध्ये व्हिडिओ आउटपुटची माहिती उघडली की रिझोल्यूशन आणि हर्ट्झ दोन्ही आकडे दिसतात. कन्सोलची मूळ केबल मात्र विसरू नका.