'ड्यून मसाया': पॉलची पडझड पटते, पण पुस्तक लांबच राहतं. चर्चेसाठी मदत हवी आहे

(स्पॉयलर आहेत. पुस्तक वाचायचं असेल तर इथेच थांबा.)

मंडळी, दादरला आमचा छोटा वाचनगट आहे. येत्या रविवारी फ्रँक हर्बर्टच्या 'ड्यून' या विज्ञानकादंबऱ्यांच्या मालिकेतल्या दुसऱ्या पुस्तकावर, 'ड्यून मसाया'वर, सुरुवात मी करायची आहे. पुस्तक वाचून झालं, पण माझं मत काही ठरत नाहीये. गटातले बरेच जण २०२१ आणि २०२४चे सिनेमे बघून इकडे वळलेत आणि नायक पॉलचे असे हाल केल्याबद्दल लेखकावर चिडलेत.

मला तो राग पटत नाही. १९६५च्या पहिल्या पुस्तकातच पॉलला आपल्या नावाने होणारं धर्मयुद्ध दिसत असतं. वाळवंटात मरणाऱ्या काइन्स या ग्रहशास्त्रज्ञाला भासात वडील सांगतात, की एखाद्या नायकाच्या हाती सापडणं यापेक्षा भयंकर संकट तुझ्या लोकांवर येऊ शकत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या पुस्तकाचे काही भाग पहिलं पूर्ण होण्याआधीच लिहिले होते, असं हर्बर्टनेच सांगितलंय. तरीही पहिली कथा क्रमशः छापणाऱ्या 'ॲनालॉग'च्या संपादकांनी, जॉन कॅम्पबेल यांनी, नायकाची अशी पडझड न रुचल्याने ही दुसरी कथा नाकारली. शेवटी १९६९मध्ये ती 'गॅलक्सी' मासिकात आली. म्हणजे हा राग पुस्तकाइतकाच जुना आहे.

माझी अडचण वेगळी आहे. गोष्ट उघडते तेव्हा पॉल सम्राट होऊन बारा वर्षं उलटून गेलेली असतात. त्या धर्मयुद्धात ६१ अब्ज माणसं मेली, ९० ग्रह निर्जीव झाले, हे पॉल आपल्या जुन्या साथीदाराला, स्टिल्गारला, नुसत्या आकड्यांत सांगतो. बाकी सगळी कारस्थानं आणि बंद दालनांतली बोलणी. मौसलपर्वात अर्जुनाला गांडीव पेलत नाही तेव्हा पोटात तुटतं, कारण अठरा दिवसांचं युद्ध आपण त्याच्यासोबत पाहिलेलं असतं. इथे ते युद्धच वगळलंय.

अपवाद फारोकचा. हा म्हातारा फ्रेमेन (पॉलला मानणाऱ्या वाळवंटी लोकांपैकी एक) सैनिक केवळ समुद्र बघायला मिळेल म्हणून युद्धावर गेला होता. परक्या ग्रहावर तो त्या पाण्यात उतरतो आणि बाहेर येतो तो धर्मयुद्धातून बरा होऊनच. त्याच्या मुलाचे डोळे स्टोन बर्नरने गेलेत. पुढे त्याच शस्त्राने पॉलही आंधळा होतो आणि आंधळ्याने वाळवंटात निघून जायचं हा फ्रेमेनांचा रिवाज स्वतः पाळतो. ती शेवटची पानं मी दोनदा वाचली, दोन्ही वेळा गलबलून आलं. अशी माणसं आणखी का नाहीत, हे मला कळत नाही.

जाणकारांना विचारायचंय ते हे: हा दुरावा मुद्दाम आहे का? महालात बसलेल्या सम्राटापर्यंत मरणं आकडे होऊनच पोचतात, असं काही हर्बर्टला दाखवायचंय का? तसं वाटत असेल तर कोणत्या प्रसंगावरून, ते जरूर लिहा. ज्यांनी पुन्हा वाचलंय त्यांचं मत बदललं का? आणि १९७६चं 'चिल्ड्रन ऑफ ड्यून' वाचल्याशिवाय या भागाबद्दल बोलणं अन्यायाचं ठरेल का?

आणखी एक. दुसऱ्या सिनेमाच्या शेवटी पॉलची प्रेयसी चानी त्याला सोडून निघून जाते. पुस्तकात ती त्याच्यासोबतच राहते आणि जुळ्यांना जन्म देताना मरते. फक्त सिनेमा पाहिलेल्यांना हे आधीच सांगावं, की चर्चेच्या ओघात येऊ द्यावं? शनिवारपर्यंत उत्तरं आली तर फार मदत होईल.