धर्मार्थ दवाखान्यातली औषधे वारंवार का संपतात?

रामबागकर, इंदूर
आमच्या मंडळाच्या धर्मार्थ दवाखान्यात मधुमेहाच्या गोळ्या दर दोन-तीन महिन्यांनी संपतात आणि त्याच वेळी कपाटात खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या मुदत उलटून पडलेल्या असतात. गेल्या वर्षीच्या वाटपात दहा टक्के वाढ धरून आम्ही दवाबाजारातून माल मागवतो. नेमके कुठे चुकते? साथ आली तर निभाव कसा लागेल?

जुना भांडारपाल
चूक वहीतच आहे. ज्या महिन्यात मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) तीन आठवडे नव्हते, त्या महिन्याचा आकडा लहानच दिसणार. रोगी मात्र तेवढेच आले आणि रिकाम्या हाती परतले. तोच आकडा खप समजून तुम्ही पुढच्या वर्षी पुन्हा कमी मागवता. वाटलेल्या गोळ्यांना औषध प्रत्यक्ष शिल्लक होते तेवढ्याच दिवसांनी भागा : नऊ दिवसांत १,८०० गोळ्या गेल्या असतील तर रोजचा खप २०० आहे, महिन्याच्या तीस दिवसांनी भागून येणारा ६० नव्हे. माल यायला दहा दिवस लागत असतील आणि आणखी दहा दिवसांची राखीव ठेवायची असेल, तर शिल्लक ४,००० वर येताच मागणी पाठवावी. बाटल्यांचे म्हणाल, तर नवा माल समोर रचण्याची सवय मोडा. ज्याची मुदत आधी संपते ते पुढे.

स्नेहलतागंज
याच दुखण्यावर तमिळनाडूने १९९४ मध्ये औषधखरेदीचे स्वतंत्र महामंडळ काढले. तिथे प्रत्येक रुग्णालयाला पासबुक मिळते आणि त्यातल्या रकमेच्या मर्यादेत ते जिल्हा गोदामातून स्वतःच्या गरजेप्रमाणे औषधे उचलते, त्यामुळे नको असलेला माल वरून गळ्यात पडत नाही. साथीबद्दल २०२१ ची आठवण पुरेशी आहे. ऑक्सिजन जामनगरला तयार होत होता, पण टँकरच्या फेऱ्या अपुऱ्या पडत होत्या. म्हणून हवाई दलाने इंदूरहून रिकामे टँकर विमानाने तिकडे नेले आणि भरलेले टँकर विमानात नेणे धोक्याचे असल्याने ते रस्त्याने परत आले. तेव्हा राखीव ठरवताना वाटेतले दिवस साथीच्या हिशेबाने धरा, नेहमीच्या नव्हे.

जुना भांडारपाल
मान्य, पण सरसकट सगळ्याच औषधांची राखीव वाढवू नये. इन्सुलिनला २ ते ८ अंश तापमान लागते; फ्रिजला विजेची पर्यायी सोय नसेल तर वाढवलेला साठा वाया जाण्याची भीती असते.

रामबागकर, इंदूर
काल वही पुन्हा काढली. मार्चमध्ये मेटफॉर्मिन फक्त अकरा दिवस होते, आणि ‘शिल्लक नाही’ असे आम्ही कुठेच लिहिलेले नाही. तो रकाना आजपासून आखला आहे.