मदत हवी आहे: क्लायंटच्या होस्टिंगवर फाइल बदलता येत नाहीत

नमस्कार मंडळी. देवगडच्या एका आंबा बागायतदार काकांची वर्डप्रेस साइट करतोय. होस्टिंग त्यांनी आधीच ३ वर्षांचं घेतलंय, त्यामुळे बदला म्हणायची सोय नाही.

मी एफटीपीने (फाइल सर्व्हरवर पाठवायची पद्धत) चढवलेल्या फाइल नीट बदलता येतात. पण काकांनी डॅशबोर्डमधून टाकलेले पेट्यांचे फोटो आणि प्लगइन यांना हात लावला की '५५० परमिशन डिनाइड'. परवानग्या फोल्डरला ७५५, फाइलला ६४४ (वाचता सगळ्यांना येतं, बदलता फक्त ओनरला), म्हणजे आकडे बरोबर आहेत. ओनरच्या रकान्यात मात्र माझ्या फाइलींपुढे माझं युजरनेम आणि त्यांच्या फाइलींपुढे 'अपाची' (वेब सर्व्हरचा युजर) दिसतं. पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) वेगळ्या युजरखाली चालतंय, असं मला वाटतं. एसएसएच (सर्व्हरवर थेट कमांड द्यायची सोय) नाही, आणि असतं तरी ओनर बदलायला रूटचे, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य अॅडमिनचे अधिकार लागतात, म्हणून ओनर मला बदलता येत नाही. सपोर्टवाले म्हणतात, सगळं ७७७ करा, म्हणजे कुणालाही फाइल बदलता येतील. लोकांच्या ऑर्डरी आणि पत्ते असलेल्या साइटवर मी ते अजिबात करणार नाही.

होस्टकडे नेमकं काय मागू? एकदा ओनर बदलून घेतला तरी काकांचा पुढचा फोटो परत अपाचीच्याच नावावर जाणार ना? पीएचपी आमच्याच युजरखाली चालवून द्या म्हटलं, तर शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) देतात का? कुणी असं करून घेतलं असेल तर कृपया सांगा. हापूसची बुकिंग सुरू झालीय आणि काका रोज संध्याकाळी फोन करतात.